थडग्यापाशी थांबलेली तबकडी

‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ची चौथी बाजू संपली. सुई शेवटच्या खाचेत खरखरत फिरत राहिली, तरी मामांनी ती उचलली नाही.

“युवकांच्या शिबिरात हे ऐकवणार म्हणतेस? मग शेवटी पुनरुत्थानाचं एखादं गीत जोड. येशूला थडग्यात ठेवून पोरांना घरी कसं पाठवायचं?”

“जोडलं तर ते वेबर आणि राइसचं राहत नाही, मामा.”

“आणि नाही जोडलं तर ते शुभवर्तमान राहत नाही.”

वसईतल्या आमच्या घरात त्या दुपारी पेच पडला तो हा. १९७० साली २२ वर्षांच्या अँड्र्यू लॉइड वेबरने आणि त्याच्याहून थोड्या मोठ्या टिम राइसने हा रॉक ऑपेरा रंगमंचाच्या आधी दोन तबकड्यांवर आणला. येशूला आवाज डीप पर्पलच्या इयन गिलनचा. पण कथा सुरू करतो येशूला धरून देणारा यहूदा, आणि मेल्यावर परत येऊन प्रश्न विचारतो तोही यहूदाच.

“मला हेच खुपतं,” मामा म्हणाले. “मेलेला यहूदा परत येतो, येशू येत नाही. ज्याने उत्तर द्यायचं, त्यालाच गप्प बसवलंय.”

हे मला झटकून टाकता येईना. मी कव्हर पुढे केलं. “शेवटच्या तुकड्याचं नाव बघा. योहान १९:४१. शब्द नाहीत, नुसता वाद्यवृंद.”

मामांना बायबल उघडावं लागलं नाही. त्या वचनात क्रूसाजवळची बाग आहे, बागेत नवी कबर आहे. “आणि चाल?”

“गेथशेमाने बागेतल्या गाण्याची. याच चालीवर येशू आधी बापाशी भांडलाय.”

“म्हणजे बागेतून बागेत.” मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “पुढच्याच अध्यायात मग्दालिया मरियेला उठलेला येशू माळी वाटतो.”

“म्हणूनच म्हणते, दार उघडं ठेवलंय.”

“ज्याने योहान वाचलाय त्याच्यापुरतं. बाकीच्यांना तिथे भिंतच दिसणार.”

“पवित्र आठवड्यात गुरुवारी रात्री वेदी उघडी करतात. शुक्रवारी मिस्सा नसते. तेव्हा तुमचा कॉयर आलेलुया गातो का?”

“छे! त्याचं मरण खरं होतं, बाय. त्या मरणाला त्याचा वेळ द्यायला हवा.” ते थांबले. “पण आम्ही शनिवारी रात्री पुनरुत्थानासाठी चर्चमध्ये परत येतो. तुझी पोरं येतील?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी गीत जोडायला मन घेईना. दोन तरुणांनी आपला प्रश्न जिथवर नेता आला तिथवर नेला. पुढे त्यांच्या तोंडी आपलं उत्तर कोंबणं मला खोटेपणाचं वाटतं. आणि श्रद्धेला असल्या ठिगळाची गरज पडावी, याचं तर जास्तच वाईट वाटतं.

मामांनी सुई उचलली, फुंकर मारली आणि पुन्हा त्याच तुकड्यावर अलगद टेकवली.

“पवित्र शनिवारी संध्याकाळी लाव,” ते म्हणाले. “नंतर चर्चमध्ये मी घेऊन जातो. येतील तेवढी.”