फोटोतला कचरा

प्रिय धर्मग्रामस्थांनो,

गेल्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर युवक मंडळातला एक मुलगा आमच्याकडे आला. गावातल्या फोटोग्राफी क्लबने निसर्गचित्रांची स्पर्धा ठेवली आहे. त्यासाठी त्याने चर्चमागच्या बावखलाचा पहाटेचा फोटो काढला होता. धुके, माडांची पाण्यातली सावली, काठाशी एक बगळा. फोटो खरोखर सुंदर होता. मग त्याने मूळ फोटो दाखवला. त्यात बगळ्याच्या बाजूला प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग होता. तो त्याने संगणकावर पुसून टाकला होता. स्पर्धेच्या अर्जावर मात्र ‘फोटोत काही जोडलेले वा काढलेले नाही’ या वाक्याखाली सही करायची होती.

“फादर, कचरा काढला तर त्यात पाप कसले?” त्याने विचारले.

आम्ही हसलो, पण उत्तर लगेच सुचले नाही. कारण सणाच्या निमंत्रणपत्रिकेवरील चर्चच्या फोटोतून विजेच्या तारा आम्हीच काढून घेतल्या होत्या! मग आम्ही निर्दोष आणि तो दोषी, असे कसे म्हणायचे?

संत ऑगस्टीन यांनी इ.स. ३९५च्या सुमारास असत्य या विषयावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यांच्या विवेचनाचे सार असे: मनात एक ठेवून दुसऱ्याला फसवण्यासाठी वेगळे सांगणे म्हणजे खोटे बोलणे. म्हणजे प्रश्न पुसण्याचा नाही, दिलेल्या शब्दाचा आहे. चित्रकाराने नको ते झाड वगळले तर कोणी त्याला खोटारडा म्हणत नाही. निमंत्रणपत्रिका तारांविषयी कसलीच ग्वाही देत नाही. स्पर्धेच्या अर्जावरची सही मात्र ग्वाही असते. तिथे फोटो साक्षीदार होतो, आणि खोटी साक्ष देऊ नये ही आपली आठवी आज्ञा आहे.

हा प्रश्न केवळ आपल्या गावचा नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचे बेट आहे. संत एडन यांनी तिथे इ.स. ६३५मध्ये मठ स्थापन केला. या बेटावरच्या जुन्या होड्यांच्या फोटोला २०१२ साली ब्रिटनमधील निसर्गचित्रांच्या एका मोठ्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. नंतर त्यात ढग जोडल्याचे उघड झाले आणि बक्षीस काढून घेण्यात आले. आपण नियमच वाचले नव्हते, असे त्या छायाचित्रकाराने सांगितले. आम्हाला त्याचा राग येत नाही. न वाचता सह्या आपणही कितीतरी ठिकाणी करतो.

पण बावखलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ढग जोडल्याने आकाशाचे काही बिघडले नाही. कचरा पुसल्याने मात्र बावखलाचे बिघडते. प्रदर्शनात तो फोटो पाहणारा म्हणेल, “आपली बावखले किती छान आहेत!” आणि निश्चिंत मनाने घरी जाईल. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव आपल्या निर्मितीकडे पाहतो आणि ती त्याला चांगली दिसते. आपण मात्र ती आधी घाण करतो आणि मग पाहायचेच टाळतो.

आम्ही मूळ फोटो मोठा करून पाहिला. त्या ढिगात निळ्या-पांढऱ्या पताका होत्या. आपल्याच सणाच्या! मिरवणुकीनंतर त्या कुठे गेल्या हे आम्ही कधी विचारले नव्हते. तेव्हा त्या मुलाला उपदेश करण्याचा आमचा उत्साह मावळला. आम्ही एवढेच म्हणालो, “बाळा, कचरा काढणे पाप नाही. फक्त तो फोटोतून काढू नकोस, बावखलातून काढ. आम्हीही येतो.”

अर्ज द्यायला पुढच्या सोमवारपर्यंत मुदत आहे. तो कोणता फोटो देणार, हे आम्ही विचारलेले नाही. ते त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडले आहे. पण येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता आम्ही घमेले घेऊन बावखलाच्या काठावर असू. हातमोजे आणि रिकामी पोती घेऊन आपणही यावे. रविवारी पहाटे त्याला पुन्हा फोटो काढता आला, तर त्यावर तो निर्धास्तपणे सही करू शकेल.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले,
फादर