कावळा, फांदी आणि मी

मामांच्या पाठीवर मी प्रेमाने थाप मारली आणि मामा तीन आठवडे अंथरुणाला खिळले. थाप अगदी बेताची होती हो! पण मामांची कंबर आधीपासूनच नुसतं निमित्त शोधत होती. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली," असं मी मामीला सांगून पाहिलं. "मग कावळेबुवा, आता रोज शेकायला येत जा," मामी म्हणाली.

मी एका वकील मित्राकडे धावलो. त्याने मामीचीच बाजू घेतली, तीही फुकट! इंग्रजी कायद्याचं म्हणणं असं, की ज्याला तुमच्या चुकीने इजा झाली तो जसा असेल तसा पत्करा. त्याची कवटी अंड्याच्या टरफलासारखी निघाली, तर तो त्याचा दोष नव्हे. १९५० साली इंग्लंडात एका कामगाराच्या ओठावर वितळलेला धातू उडाला. ओठ आधीच आतून बिघडलेला. तिथे कॅन्सर झाला आणि तीन वर्षांनी तो गेला. एरवी नुसतं भाजण्यावर भागलं असतं. तरीही हलगर्जी मालकाला मृत्यूची भरपाई द्यावी लागली. मात्र कॅन्सर पुढेमागे आपोआपही झाला असता, हे धरून रक्कम कमी केली. म्हणजे कावळा जबाबदार. पण फांदी किती कुजली होती, हेही बघायचं.

मला हा न्याय जाचक वाटला. मग म्हटलं, उलटं असतं तर? दुबळ्याने गळ्यात 'सांभाळा, काच आहे' अशी पाटी अडकवून हिंडायचं, आणि धडधाकटांनी खुशाल कोपरं मारत चालायचं?

"पण माझी चूक कुठे आहे?" मी विचारलं.

"तो मुद्दा आहे खरा," मित्र म्हणाला. अमेरिकेत विस्कॉन्सिनला १८८९ साली एका पोराने वर्गात दुसऱ्याच्या पायाला हलकीशी लाथ मारली. पाय आधीच दुखावलेला. तो कायमचा निकामी झाला. कोर्ट म्हणालं, मैदानावर खेळताना असतं तर गोष्ट वेगळी. पण इथे वर्ग सुरू झाला होता.

मला आठवलं, मामा तेव्हा देवापुढे वाकले होते. म्हणजे माझाही वर्ग सुरू झाला होता!

संध्याकाळी निमूटपणे शेकायला गेलो. "मामा, कंबर दुखतेय हे आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू थाप मारली नसतीस," मामा म्हणाले. "हल्ली मारतंय कोण?"