शिराळ्याचा नाग आणि कात्रजची काच

सातारा-सांगलीकडच्या कुटुंबाची सुट्टीतली सहल पुण्याला निघाली की पुष्कळदा कात्रजला थांबते. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सातारा रस्त्यालाच असल्याने वाट वाकडी करावी लागत नाही. धाकटी पोरं खूश असतात. पंधरा-सोळा वर्षांचं थोरलं मात्र ‘तुम्ही या जाऊन, मी नाही येणार’ म्हणून अडून बसतं. आईबापांना हा मोबाईलचा प्रताप वाटतो, आणि तो तसा असेलही. पण नकाराचं कारण उथळ असलं म्हणून त्यातून निघणारा प्रश्न उथळ ठरत नाही. ज्या प्राण्याला आपल्या नजरेआड होण्याची सोयच नाही, त्याच्याकडे बघून भूतदया शिकता येते का? माझ्या मते येत नाही, आणि त्याचा दाखला सांगली जिल्ह्यातच, बत्तीस शिराळ्यात आहे.

शिराळ्याच्या नागपंचमीची कथा गोरक्षनाथांपर्यंत जाते. महाजनांच्या घरी भिक्षेला आलेल्या नाथांनी तिथल्या बाईला मातीचा नाग पुजताना पाहिलं आणि तो जिवंत केला. तेव्हापासून गाव जिवंत नाग पुजू लागलं, अशी श्रद्धा आहे. सणाआधी तरुण पोरं रानातून नाग धरून आणत, मडक्यात सांभाळत, पुजत, मिरवत आणि सण झाला की पुन्हा रानात सोडत. शिराळकरांच्या भक्तीत खोट काढायचं कारण नाही. तरी मिरवणुकीत लोक ज्याच्यासाठी माना उंचावत, तो फणा म्हणजे काय? नाग फणा काढतो तो धोका वाटला की. समोर गाडगं हलवलं की तो डोलतो, कारण त्या हलणाऱ्या वस्तूवरून नजर काढणं त्याला परवडत नाही. म्हणजे भक्ताला दर्शन घडतं नेमकं त्याच क्षणी देव घाबरलेला असतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यावर बोट ठेवून उच्च न्यायालयाने हे थांबवलं. गावाला ते फार लागलं. पुढे 2025 मध्ये केंद्राने मोजके नाग धरायची मुभा दिली, पण ती पूजेसाठी नव्हे, शिक्षणासाठी. प्राणिसंग्रहालयाचं समर्थनही याच शब्दात होतं. धरणाऱ्याचा हेतू बदलला. नागाच्या बाजूने काहीच बदललं नाही.

यावर कोणी म्हणेल, पाहिल्याशिवाय माया कशी लागणार? हा आक्षेप वजनदार आहे. नीलिमकुमार खैरे यांनी 1986 मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभं केलं. सापांबद्दलची भीती कमी व्हायला अशा कामाचा हातभार लागला, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. जखमी, रानात परत न जाऊ शकणाऱ्या जनावरांना आसरा लागतोच. पण आसऱ्याला प्रेक्षक लागत नाहीत. आणि काचेपुढे उभं राहिलेलं पोर काय करतं ते बघावं: ते बोटाने टकटक करतं, नाग हलला नाही तर ‘मेलाय वाटतं’ म्हणून पुढे सरकतं. सापाला बाहेरून कान नाहीत, पण हादरे त्याला कळतात. सांगलीच्या जैन घरांत अभयदान हे सगळ्या दानांत श्रेष्ठ मानतात. त्या कसोटीवर मडकं आणि काच दोन्ही नापास होतात, कारण दोन्हीकडे बघणाऱ्याला काहीतरी मिळतं आणि अभय कोणालाच मिळत नाही.

मग पोरांनी जनावरं बघायचीच नाहीत का? बघावीत, पण जनावराच्या अटीवर. देवराष्ट्रेजवळचं सागरेश्वर अभयारण्य उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं आहे. त्यालाही कुंपण आहे, हे खरं; तेवढ्यापुरता माझा युक्तिवाद लंगडा पडतो. तरी तिथल्या सांबराला माणसाची चाहूल लागली की झाडीत शिरता येतं, आणि घरातली सगळी जण ऊन खात डोंगर चढून चितळाची शेपटीही न बघता परत येऊ शकतात. ‘एवढं येऊन काहीच दिसलं नाही’ अशी कुरकुर तेव्हा बहुधा मोठेच करतात.