वर्षांची मोळी

चूल विझवायची वेळ आली, तशी म्हातारीने सुनेला पाण्याला पाठवलं आणि नातवाला अंगण झाडायला लावलं. दोघांची पाठ वळताच तिने चुलीतला एक जाड निखारा उचलला, फुटक्या मडक्यातल्या राखेत खोल पुरला आणि ते मडकं कालव्याच्या काठावर पालथ्या घातलेल्या होडीखाली सरकवून दिलं.

मागे वळली, तर नातू समोर उभा. हातात केरसुणी.

“आजी, आता सूर्य उगवणार नाही.”

नऊ वर्षांच्या पोराचा आवाज कापत होता, कारण त्याला तसंच शिकवलं होतं. ही गोष्ट 1507 सालची, मेक्सिकोच्या खोऱ्यातली. अस्तेक राजा मोक्तेसुमाची राजधानी तेनोच्तित्लान तळ्यातल्या बेटावर होती आणि तिच्या दक्षिणेला, इस्तापालापाच्या काठाला, तळ्यात गाळ भरून उभी केलेली शेतं आणि त्यांच्या कडेने घरं होती. अस्तेकांची श्रद्धा अशी की जग याआधी चार वेळा संपलेलं आहे. एक सूर्य जग्वारांनी संपवला, एक वादळाने, एक आगीच्या पावसाने, एक महापुराने. आपण आहोत तो पाचवा, आणि त्यालाही अंत आहे. 365 दिवसांचं एक वर्ष आणि 260 दिवसांचं दुसरं, या दोन चाकांचे दाते 52 वर्षांनी पुन्हा पहिल्या खुणेवर येतात. 18,980 दिवसांची ती मोळी बांधून झाली की पुढची मिळेलच याची हमी नाही. म्हणून त्या संध्याकाळी सगळ्या खोऱ्यातला विस्तव विझवायचा. चुलीचे तीन दगड, पाटा-वरवंटा, घरातल्या देवांच्या मूर्ती पाण्यात टाकायच्या, घरदार झाडून रिकामं करायचं आणि अंधारात वाट पाहायची.

ही श्रद्धा मला हसण्यावारी नेता येत नाही. जग आपल्या मालकीचं नाही, ते उद्या असेलच असं नाही, हे ज्यांनी दर 52 वर्षांनी हातातली भांडीकुंडी सोडून स्वतःला बजावलं, त्यांच्यापुढे मान लवते. पण त्या रात्रीच्या मध्यावर एक माणूस होता, आणि तिथे ही मान पुन्हा वर येते.

विशाच्त्लानच्या डोंगरावर पुजारी मध्यरात्री एका कैद्याच्या छातीवर लाकडात लाकूड घुसळून नवा विस्तव काढत आणि मग ती छाती फाडत. त्या वर्षीचा कैदी वेशोत्सिन्को या नगराचा योद्धा होता. नाव शिउत्लामिन. ‘शिउ’ म्हणजे वर्ष, म्हणून राजाने असं नाव असलेला माणूस शोधायला लावला होता. नावापायी गेला बिचारा. पुढे बेर्नार्दिनो दे साआगून या स्पॅनिश मठवाशाने म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकून हे सगळं उतरवलं, त्यात शिउत्लामिनचं नाव राहिलं. म्हातारीचं राहिलं नाही. ती आणि तिचा निखारा माझ्या मनातले.

“एवढासा तर आहे,” ती नातवाला म्हणाली. “तो राहिला तर कुणाचं काय जातंय?”

तिला सांगायचं होतं निराळंच. ती सात वर्षांची असताना, 1454 साली, खोऱ्यात दाणा उरला नव्हता. लोकांनी पोटची पोरं कणसांच्या बदल्यात पूर्वेकडच्या लोकांना विकली. तिचा थोरला भाऊ असाच गेला. वर्षभर चूल असून नसल्यासारखी होती. मग 1455 साली मोळी बांधली गेली, डोंगरावरून नवा विस्तव घरी आला, आणि पाऊसपाणी झाल्यावर आईने त्यावर मक्याची पहिली भाकरी भाजली. त्या विस्तवाचा निखारा रोज रात्री राखेत पुरून तिने बावन्न वर्षं सांभाळला. सासरी आली तेव्हाही मडक्यात घालून आणला. तो हाताने विझवायचा म्हणजे आईच्या तोंडावर पाणी ओतायचं. तो विस्तवही कुणाच्या तरी छातीवर पेटला असणार, हे मात्र तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

अंधार पडला. सून पोटुशी होती. विस्तव पेटला नाही तर अशा बाया श्वापदं होऊन माणसांना खातात, म्हणून तिच्या तोंडाला घायपाताच्या पानाचा मुखवटा बांधून तिला मक्याच्या कणगीत कोंडलं. पोरांनी झोपायचं नाही. झोपलं तर उंदीर होतात. शेजारणी आपल्या पोरांना चिमटे काढून जागं ठेवत होत्या. म्हातारीच्या नातवाला चिमट्याची गरज नव्हती. तो धाब्यावर गुडघ्यांत मान घालून बसला होता आणि कणगीच्या दिशेने कान लावून होता.

“आई गुरगुरतेय,” तो मध्येच म्हणाला.

“रडतेय ती, बाळा.”

पण हे ऐकल्यावर म्हातारीच्याही पोटात गोळा आला. आपण बावन्न वर्षं जपलेल्या एका ठिणगीसाठी हे पोर, ती सून, तिच्या पोटातला जीव? ती शिडीवरून उतरली. तुंब्यात पाणी भरून होडीपाशी गेली, मडकं ओढलं, राख बाजूला केली. निखारा तांबडा होता. तिने तुंबा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. वर कृत्तिका डोक्यावर येत होत्या. तिचे लोक त्या तारकापुंजाला बाजार म्हणत. तो माथा ओलांडून पुढे सरकला की जग चालू राहणार.

तेवढ्यात साऱ्या धाब्यांवरून एकच कल्ला उठला. डोंगर पेटला होता.

लोकांनी काळ्या काचदगडाच्या पात्यांनी कानांच्या पाळ्या चिरल्या, तान्ह्यांच्यासुद्धा, आणि रक्त डोंगराच्या दिशेने शिंपडलं. म्हातारी तुंबा हातात धरून तशीच उभी राहिली. खोऱ्यातला सगळा विस्तव विझलेला असला तरच नवा पेटतो, असं तिने जन्मभर ऐकलं होतं. तिच्या पायाशी एक जळत होता.

नातू डोंगराकडे बघतच नव्हता. पूर्वेकडे तोंड करून बसला होता.

विस्तव आधी राजधानीत वित्सिलोपोच्त्ली या देवाच्या मंदिरात गेला, तिथून पुजाऱ्यांच्या मठांत, मग वस्त्यावस्त्यांत. माणसांनी त्याच्यावर झडप घातली, हात पोळून घेतले, हसली, रडली. सून कणगीतून निघाली. मुखवटा सोडला तर खाली तिचाच चेहरा, घामेजलेला. पोराने एकदा आईचा हात चाचपून पाहिला आणि परत पूर्वेला वळला.

मग सूर्य आला. रोजच्यासारखा, डोंगराच्या खांद्यावरून.

बराच वेळ पोर काही बोललं नाही. मग खाली येऊन आजीच्या कानाशी लागलं.

“आजी, आपला निखारा तर होताच. मग त्या माणसाला का मारलं?”

“मी कधी विचारलंच नाही,” म्हातारी म्हणाली. तिचा हात तेव्हा नव्या चुलीचे तीन दगड बसवत होता, तो थांबला. “तो पेटला, आम्ही भाकरी भाजली.”

तिने मडकं आणलं. सगळ्यांदेखत नव्या विस्तवाशेजारी जुना निखारा ठेवला आणि फुंकर घातली. शेजारीण चरकली, काही बोलणार होती. पण दोन्ही ज्वाळा एक झाल्या आणि तिला दाखवायला बोट कुठे ठेवावं ते कळेना.

दुपारपर्यंत उपास होता, पाण्याचा घोटही नाही. दुपार झाली, राजगिऱ्याचे मधातले लाडू वाटले गेले, आणि पोरं कालव्याकाठी खेळायला जमली. ज्या योद्ध्याने शिउत्लामिनला पकडलं होतं त्याचा राजधानीत मान झाला होता, ‘शिउत्लामिनला धरणारा’ असं नावच पडलं होतं. म्हणून प्रत्येकाला तोच व्हायचं होतं. कैदी व्हायला कुणी तयार होईना. भांडण जुंपलं.

“मी होतो शिउत्लामिन,” म्हातारीचा नातू म्हणाला.

तो मातीत उताणा पडला. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. एका दांडग्या पोराने वेताची काठी त्याच्या छातीवर टेकवली आणि तळहातांत घुसळायला लागला. म्हातारी दारातून बघत होती. हातातलं पीठ तसंच.

“अरे, पण थांब,” खालून तो म्हणाला. “तो तर आलाय केव्हाच. वर बघा की.”

काठी फिरायची थांबली. पोरांनी माना वर केल्या.