पाठीमागची शेपटं

इंग्रजी क्रियापदं बिचारी साधी असतात. घात करतात ती त्यांच्यामागं लागलेली चिमुकली शेपटं. परवा आमची नात वही घेऊन आली. "आजोबा, बॅक डाऊन म्हणजे काय हो?"

मी चष्मा पुसला. (वेळ काढण्याचा हा माझा जुना उपाय.) म्हटलं, "बॅक म्हणजे मागे, डाऊन म्हणजे खाली. म्हणजे जिना पाठमोरा उतरायचा." तिनं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेपुढं मी मुकाट्यानं डिक्शनरी उघडली.

शब्द देऊन ऐन वेळी फिरवायचा, ते 'बॅक आउट'. अंगावर गेलेल्यानं हात आवरून मागं सरायचं, ते 'बॅक ऑफ'. समोरचा अडून बसला म्हणून आपला हेका सोडायचा, ते 'बॅक डाऊन'. आणि कुणाच्या पाठीशी उभं राहायचं, ते चक्क 'बॅक अप'! शेपूट बदललं की पळपुट्याचा पाठीराखा होतो. आपण मराठी माणसांनी हे खातं अवयवांकडे दिलंय. पाय काढता घ्यायचा, पाठ दाखवायची, आणि माणसाला जे नाहीच, ते शेपूटही घालायचं!

देवाला मात्र याची लाज नव्हती. कालयवन मागं लागला तेव्हा श्रीकृष्ण सरळ पळाला. रण सोडलं म्हणून 'रणछोड' झाला आणि डाकोरला त्याच नावानं पुजला जातो. पाठलाग न सोडणाऱ्या कालयवनाचं देऊळ काही माझ्या पाहण्यात नाही. महाराजांनी 1665 साली पुरंदरच्या तहात 23 किल्ले दिले. शेपूट घातलं म्हणायची कुणाची छाती आहे? 1962 साली ख्रुश्चेव्हनं क्यूबातली क्षेपणास्त्रं परत नेली, तेव्हा तो 'बॅक डाऊन' झाला म्हणून जग हसलं. केनेडीनंही तुर्कस्तानातली आपली काढून घ्यायचं गुपचूप कबूल केलं होतं, ते पुष्कळ वर्षांनी कळलं.

पण ही सगळी हिशेबी मंडळी. बदल्यात काही मिळायचं होतं, किंवा पुन्हा यायचं होतं. काहीच मिळायचं नसताना मागं सरायचं, त्याला काय म्हणावं? डिक्शनरीत नव्हतं.

"वाक्यात उपयोग सांगा ना," नात म्हणाली.

आता उदाहरण आमच्या गॅलरीतच उभं आहे. आईचा तांब्याचा बंब. दादा म्हणाला, मी थोरला, म्हणून माझा. मी म्हणालो, आईचं शेवटपर्यंत मी केलं, म्हणून माझा. गीझर दोघांकडेही आहेत. सहा वर्षं बोलणं नाही. बंबात आम्ही मनीप्लँट लावलाय. गेल्या महिन्यात दादाला ऐंशी पुरी झाली. आमंत्रण आलं, पण माझ्या मुलाच्या नावानं.

मी म्हटलं, "लिही. आजोबा कधीच बॅक डाऊन करत नाहीत."

तिनं लिहिलं. मग पेन्सिल चावत म्हणाली, "बाईंनी भविष्यकाळात सांगितलंय."

ती गेल्यावर मी मनीप्लँट बादलीत काढून ठेवला. बंब आतून-बाहेरून हिरवा पडला होता. स्वयंपाकघरात जाऊन हिला विचारलं, "घरात चिंच आहे का गं?"