दंगल शमल्यानंतर

परभणीकडच्या पेडगावात आज नव्वदीला टेकलेलं कुणी असेल, तर त्यानं लहानपणी रझाकारांचा धसका अनुभवला असणार. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. दागिने जमिनीत पुरले, रात्री रानात काढल्या, असं मराठवाड्यात घरोघर सांगतात. 13 सप्टेंबर 1948 ला भारताची पोलीस कारवाई सुरू झाली, 17 ला निजामानं शरणागती पत्करली, आणि मग सूडाची पाळी आली. मराठवाड्याच्या अनेक गावांत निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीनं ते नोंदवलं, पण तो अहवाल कित्येक दशकं दडूनच राहिला. दोन्हीकडची माणसं सगळं गिळून पेरणीला लागली. मनालाही जखम होते, तिलाही औषधपाणी लागतं, हे त्यांना सांगणार कोण? देशातला कायदा 1912 चा, आणि त्याचा सारा भर वेड्याला कोंडून ठेवण्यावर.

मनाच्या जखमेची ही जाण आली रणांगणावरून. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून वाचलेले सैनिक थरथरत, कुणाची वाचाच जाई. 1915 साली डॉ. चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ या नावानं त्यांची नोंद केली. सेनाधिकाऱ्यांना मात्र संशय, की हे लढाई चुकवायचं सोंग. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण भीमाकाठच्या पेडगावची, परभणीकडच्या नव्हे. पण तिच्यातला संशय जगभरचा आहे. दुःख सांगू पाहणाऱ्याला आजही आधी तोच गाठतो.

व्हिएतनाम युद्धानंतर, 1980 साली, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आघातानंतरच्या तणावाला आजारांच्या यादीत जागा दिली. सोंगाचा आरोप मागे पडला. पण यादीत शिरताच दुःख एकट्या माणसाचं झालं: त्याची झोप, त्याची दुःस्वप्नं, त्याच्या गोळ्या. डेरेक समरफिल्ड यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांनी यावर हरकत घेतली. युद्ध अख्ख्या समाजाची वीण उसवतं, ती एकेकट्याच्या उपचारानं सांधत नाही, हा त्यांचा मुद्दा. संकटकाळातल्या मानसिक आधाराबद्दलच्या 2007 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तो उतरला. पायाशी सुरक्षितता, अन्न, निवारा. त्यावर कुटुंबाचा आणि समाजाचा आधार. मग प्रशिक्षित कार्यकर्ते. आणि अगदी वर, थोड्यांसाठी, मनोविकारतज्ज्ञ. माणसाला आज रात्री घरात झोपायची भीती वाटत असेल, तर झोपेची गोळी हा पहिला उपाय असूच शकत नाही.

आपल्याकडे 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, 1996 मध्ये जिल्हा पातळीवरचा. मराठवाड्याच्या खेड्यापर्यंत तो विचार खऱ्या अर्थानं पोचला 2015 च्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातून. मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत, परभणी धरून, आशाताई घरोघर जाऊन विचारू लागल्या: झोप लागते का, जीव नकोसा वाटतो का? हे मोठंच पाऊल होतं. पण ते उचललं गेलं शेतकरी आत्महत्यांमुळे. सरकारला मन दिसलं ते मृत्यूच्या आकड्यातून, कर्ज आणि नापिकीच्या चौकटीत.

माणसानं माणसाला केलेली जखम या चौकटीत बसत नाही. जुलै 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि परभणी, नांदेडकडच्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. ती राख पाहिलेली मुलं आज पन्नाशी-साठीत आहेत. 10 डिसेंबर 2024 ला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पाठोपाठ हिंसा, धरपकड, आणि अटकेतल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू. अशा वस्तीत समुपदेशक पाठवावा, जरूर पाठवावा; पण चौकशी आणि न्याय रखडत असताना नुसतं समुपदेशन म्हणजे ‘गप्प राहा’ असं सांगणंच होईल, असं मी मानतो.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार आणि गोपनीयता हे दोन्ही हक्क दिले. 14416 या मदतवाहिनीवर फोन करून बोलताही येतं. तरी गावातली अडचण उरतेच. आशाताई त्याच गावच्या, कुठल्या तरी एकाच आळीतल्या. ज्याचं घर जळालं तोही त्यांच्या यादीत आणि ज्यानं जाळलं तोही. त्यांच्यापुढे कोण मन मोकळं करील, आणि ऐकलेलं त्यांनी कुठे ठेवायचं? म्हणून दंगलीनंतरचे निदान काही महिने दुसऱ्या तालुक्यातल्या दोघी प्रशिक्षित कार्यकर्त्या, दोन वेगवेगळ्या समाजांतल्या, आरोग्य उपकेंद्रात बसवाव्यात. आणि तिथल्या आशाताईंनाही, आपलं ऐकून घेणारं कुणीतरी मिळावं.