डायलिसिसचे पाणी आणि आप्तवचनाचा प्रश्न

धर्मशास्त्राने पाण्याच्या शुद्धीची जी कसोटी सांगितली, ती प्रामुख्याने इंद्रियांची कसोटी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, गाईची तहान भागेल इतके, अमेध्य न मिसळलेले आणि स्वाभाविक गंध, वर्ण व रस असलेले भूमीवरील पाणी शुद्ध मानले आहे. निकामी मूत्रपिंडांचे काम यंत्राकडून करून घेणाऱ्या डायलिसिसच्या उपचारात मात्र ही कसोटी अपुरी पडते, आणि तिच्या अपुरेपणाचा शोध घेऊ लागताच शुद्धतेचा प्रश्न सत्यकथनाच्या प्रश्नापाशी येऊन ठेपतो.

नवी मुंबई शहराला मोरबे धरणाचे पाणी भोकरपाडा येथील केंद्रात शुद्ध होऊन मिळते. नळाच्या पाण्यात राखलेला क्लोरीन वाटेतल्या जंतूंना मारतो, म्हणून पिणाऱ्याचा तो रक्षक असतो. परंतु डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त आणि पाणी यांच्यामध्ये केवळ सूक्ष्म छिद्रांचा एक पडदा असल्याने तोच क्लोरीन व त्याचे संयुग क्लोरामाइन रक्तातील तांबड्या पेशी फोडू शकतात. गढूळपणा खाली बसवणाऱ्या तुरटीतील अ‍ॅल्युमिनियमही अशा रुग्णाच्या मेंदूत व हाडांत साठू शकते. मिनिटाला 500 मिलिलिटर या नेहमीच्या वेगाने चार तासांच्या एका उपचारात सुमारे 120 लिटर द्राव पडद्यापलीकडून वाहतो, आणि बहुतेकांना हा उपचार आठवड्यातून तीनदा घ्यावा लागतो. शुद्धता ही पाण्याच्या अंगची स्वयंपूर्ण वस्तू नसून ते पाणी कोणाच्या देहाशी कसे भिडते यावर ती अवलंबून असते, असाच याचा अर्थ होतो.

यातील बहुतेक दोष डोळ्यांना वा जिभेला कळत नाहीत. 1996 मध्ये ब्राझीलमधील कारुआरू येथे टँकरने आणलेल्या, पुरेशा प्रक्रियेविना वापरलेल्या पाण्यातील नील-हरित शेवाळाच्या विषाने डायलिसिसचे पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. रुग्णाचे प्रत्यक्ष प्रमाण जेथे खुंटते, तेथे न्यायदर्शनाने मानलेले शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचे वचन, हाच त्याचा आधार उरतो. आप्त म्हणजे ज्याने वस्तू साक्षात जाणली आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो, असे वात्स्यायनाने न्यायभाष्यात म्हटले असून हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू केले आहे. अर्थात आप्तता ही कुळावर वा पदावर ठरत नाही.

या अर्थाने डायलिसिस केंद्रातील तंत्रज्ञ हा रुग्णाचा आप्त होय. क्लोरीन शोषणाऱ्या कार्बनच्या दोन टाक्या एकीमागे एक जोडलेल्या असतात. पाळी सुरू होण्यापूर्वी पहिलीच्या पुढील नळातून नमुना घेऊन त्यात तपासणीचे रसायन टाकतात, आणि एकूण क्लोरीन लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमच्या वर असल्याचे गुलाबी छटेवरून दिसले, तर ती टाकी निकामी झाली असे समजून दुसरीच्या पुढील पाणी लगेच तपासावे लागते, आणि तेथेही क्लोरीन आढळल्यास उपचार थांबवावा लागतो. ही चाचणी न करता नोंदवहीत भरलेला आकडा केवळ हलगर्जीपणा ठरत नाही. ज्याला पडताळणी करता येत नाही त्याच्यापुढे दिलेली ती खोटी साक्ष आहे.

मात्र या साक्षीचे ओझे एकट्या तंत्रज्ञावर टाकणे न्याय्य नाही. साक्षात जाणण्यासाठी त्याला साधने, शिक्षण आणि वेळ हवा, तर जसे आहे तसे सांगण्यासाठी निर्भयता हवी. बाहेर रुग्ण खोळंबले असतानाही पाळी रोखण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याच्या शब्दाला प्रमाणाचे बळ येऊ शकत नाही. म्हणून तो अधिकार त्याला देणे आणि त्याने तो वापरल्यावर त्याच्या पाठीशी उभे राहणे, हे रुग्णालय चालवणाऱ्यांचे कर्तव्य ठरते.